घाटात दमणारी येझदी

नमस्कार श्रोतेहो.

घरात जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल असेल, मग ती राजदूत असो, आरएक्स हंड्रेड असो की येझदी, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी. गाडी सुरू होते, पण ओढत नाही. जागेवर छान टुकटुक करते आणि चढ आला की दमते. अशा वेळी आपला हात पहिल्यांदा कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जातो. माझं सांगणं असं की आधी धूर बघा. धूर किती येतोय, कसा येतोय आणि कुठून येतोय, ते बघा. कार्बोरेटर कुठे पळून जात नाही.

याचं कारण साधं आहे. फोर-स्ट्रोक गाडीला धूर बाहेर ढकलायला पिस्टनची खालून वर अशी एक अख्खी धाव मिळते. टू-स्ट्रोकला ती चैन नाही. जळालेला धूर बाहेर पडत असतानाच पेट्रोल आणि हवेचं नवं मिश्रण आत शिरत असतं. जुना धूर आत तुंबला, तर नव्याला जागा कुठून मिळणार?

आता माझ्या येझदीची गोष्ट ऐका. गाडी १९८३ ची, वडिलांनी घेतलेली, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, पण गाड्या अजून गावोगाव फिरतायत. किक आणि गिअर एकाच दांडीवर, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण आजच्या गोष्टीसाठी दुसरी एक खूण लक्षात ठेवा. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन.

आमचं घर वाईला. एका वर्षी मे आणि जून मी पुण्यात होतो आणि गाडी पडवीत उभी होती. परत आल्यावर शिळं पेट्रोल काढून टाकलं, नवा प्लग लावला आणि पाच-सहा किकमध्ये गाडी सुरू झाली. गावात चांगली चालली. पण पसरणी घाटाला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर तिचा जीव गेला. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी आवाज नुसता घोगरा, वेग काही वाढेना. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, असं करत पाचगणी गाठली. उतारावर मात्र शहाण्यासारखी आली.

गाडी दोन महिने उभी होती, त्यामुळे सगळ्यांचा संशय कार्बोरेटरवर. गॅरेजवाल्या दादांनी जेट साफ केले, फ्लोट तपासला. फरक पडला नाही. मग ठिणगी पाडणारे भाग, आधी पॉइंट, मग कंडेन्सर, मग कॉइल. त्यातही महिना गेला. शेवटी दादा म्हणाले, सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून, नवा पिस्टन टाकू. माझीही तयारी झाली होती. पैसे बाजूला काढून ठेवले होते.

मधल्या काळात गणपती आले. आईने पडवीच्या भिंतीला चुना मारून घेतला. आमच्याकडे अजून चुनाच लागतो. जुन्या माती-दगडाच्या भिंतीला प्लास्टिकचा रंग फासू नये असं माझं ठाम मत आहे, आत ओल धरते आणि पापुद्रे सुटतात. असो. गाडी मी नेहमी भिंतीकडे पाठ करून लावायचो आणि रोज सकाळी तिथेच किक मारायचो. त्यामुळे भिंतीवर कायम दोन काळे डाग असायचे, एक दाराच्या बाजूला, एक तुळशीच्या बाजूला. आई त्यावरून रोज बोलायची.

गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. आई झाडू हातात घेऊन भिंतीपाशी उभी होती. म्हणाली, “अरे, दाराकडचीच भिंत काळी झालीय. तुळशीकडे काहीच नाही. एका बाजूने धूर येत नाही का रे?”

मी तसाच उठलो. गाडी अंगणात आणून सुरू केली, हाताला जाड फडकं गुंडाळलं आणि सायलेन्सरच्या मागे धरलं. उजवीकडे फडकं फडफडत होतं. डावीकडे नुसती कोमट झुळूक. मग पुढे इंजिनाजवळच्या दोन्ही पाइपांवर पाण्याचे थेंब टाकले. उजवीकडे चुर्र करून उडाले. डावीकडचे ओघळून खाली आले.

डाव्या सायलेन्सरचा मागचा नट सोडला आणि आतली जाळी ओढली. आधी ती निघेचना. निघाली तेव्हा तिच्याबरोबर मातीचे खापर निघाले. कुंभारणीचं घर! कुंभारीण माशी माहीत आहे ना? दाराच्या चौकटीत, लाइटच्या बोर्डाच्या भोकात मातीची घरटी करते तीच. जाळीवर आधीचा तेलकट कार्बन होताच, त्यावर तिने माती लिंपली आणि ती गाडीच्या उष्णतेने विटेसारखी भाजली. ढेकळं फोडली तर आत वाळून गेलेल्या अळ्या. एकच सायलेन्सर असता तर धुराच्या जोराने माती उडाली असती, नाहीतर गाडी सुरूच झाली नसती. इथे धुराला दुसरी वाट मोकळी होती. म्हणून हळू चालताना काही कळत नव्हतं आणि घाटात जीव गुदमरत होता.

दोन्ही जाळ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. हातमोजे घालूनच हे काम करा आणि ॲल्युमिनियमच्या भागाला ते पाणी लावू नका, ते धातू खातं. दुसऱ्या दिवशी येझदी पसरणी घाट तिसऱ्या गिअरवर चढली.

काही जण आवाजासाठी या जाळ्याच काढून फेकतात. कृपा करून असं करू नका. सायलेन्सर इंजिनाच्या मापाने केलेला असतो, आवाज वाढतो आणि ओढ जाते. शिवाय गल्लीत तान्ही मुलं झोपलेली असतात.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं पटकन सांगतो. प्लग काढून रंग बघा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर करंट कमी आहे. पांढरा फटक असेल तर गाडी चालवू नका, कुठून तरी फाजील हवा शिरतेय आणि पिस्टन जाम होईल. पांढरा प्लग, गाडी थांबवा. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबर गेलंय, गिअरचं तेल इंजिन पितंय. आणि पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल मापानेच घाला. मी येझदीला लिटरमागे ४० मिली घालतो. अंदाजाने कधीच नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटर रिकामा करा. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी लवकर धरतं. आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात कापडाचे बोळे घाला. मी त्या बोळ्यांना लांब सुतळी बांधतो आणि तिचं टोक किकच्या दांडीला गुंडाळून ठेवतो, म्हणजे बोळे काढल्याशिवाय किक मारताच येत नाही.

नमस्कार.