पहिला तास कोणाचा?

(ग्रामीण वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘समाजमाध्यमांवरील हिंसा आणि कायदा’. कायदा मी शेवटी सांगणार आहे. तो आधी सांगितला की मागच्या रांगेतली पोरं मोबाईल काढतात. काढलेच आहेत म्हणा. राहू द्या, विषयाला धरूनच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, हे मी तुम्हाला काय सांगू! आमच्याकडच्या पोरांनी एका वर्षी कपाशीवरच्या बोंडअळीची मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा पुतळा, केली. गुलाबी कागद, बांबूच्या कमच्या, डोळ्यांच्या जागी बाटलीची झाकणं. ‘बोंडअळी घेऊन जा गे मारबत’ करत शिवेबाहेर नेली आणि पेटवली. एकानं व्हिडिओ टाकला. संध्याकाळच्या आत उडाला! कारण काय, तर हिंसक मजकूर. पोट्टा धावत माझ्याकडे. “वकीलसाहेब, अळीनं केस टाकली का जी आपल्यावर?” म्हटलं, टाकली असंल बाप्पा, फवारणीच्या खर्चावरून दिसतंच आहे कोण जिंकतंय ते.

हसा, पण पुढचं ऐका. त्याच आठवड्यात दुसरा एक व्हिडिओ फिरत होता. आठवडी बाजार. मोटारपंपाची केबल चोरल्याच्या संशयावरून एका भंगारवाल्याला खांबाला बांधलेलं. सदरा डोक्यावरून ओढलेला, एका पायात चप्पल. “हाण त्याले, पाठीत हाण!” आणि मागं एक बाई टमाटे तोलते आहे, तिचा हातही थांबत नाही. मारणाऱ्यांपेक्षा मला तो तराजूच जास्त दिसला.

मी तक्रार केली. तक्रार करणं म्हणजे काय, ते एकदा करून बघा. आधी विचारतात, ‘तुम्हाला हे आवडलं नाही का?’ अरे, वांग्याची भाजी आहे का? मग प्रकार निवडा, उपप्रकार निवडा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. फेरविचाराचा अर्ज केला, तेच उत्तर. आमच्या तहसिलीत निदान ‘साहेब जेवायला गेले’ असं माणूस तरी सांगतो. कागदाची अळी जाळली तर हिंसा, जिवंत माणूस झोडपला तर नियमात बसतं!

असं का होतं? २०२१ साली फेसबुकमधल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी आतली कागदपत्रं बाहेर आणली. खोटी माहिती ओळखण्याच्या कामातला ८७ टक्के वेळ एकट्या अमेरिकेसाठी खर्च होत होता. हिंदी-बंगालीतला द्वेष ओळखायला पुरेशी यंत्रणा नव्हती. हिंदीची ही गत, तर आपल्या वऱ्हाडीला कोण विचारतो? ‘हाण त्याले’ त्या यंत्राला भजनही वाटलं असेल.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. भजनी मंडळ खोळंबलंय. बरं, पळतो आता.

मुख्य मुद्दा एवढाच की काढून टाकण्याच्या भरवशावर राहू नका. १५ मार्च २०१९, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. मशिदीतला गोळीबार मारेकऱ्यानं थेट दाखवला, १७ मिनिटं. पहिली तक्रार आली सुरुवातीपासून २९व्या मिनिटाला, म्हणजे सगळं संपल्यावर. पहिल्या २४ तासांत फेसबुकनं १५ लाख प्रती काढल्या. त्यातल्या १२ लाख चढतानाच अडवल्या, म्हणजे ३ लाख चढल्याच. कडा कापा, रंग बदला, पडद्यावरून पुन्हा चित्रण करा, की यंत्राला ती प्रत ओळखू येत नाही.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ची ढाल कंपनीला असते, म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी ती जबाबदार धरली जात नाही. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश गेल्यावर काढायचं. २०२१च्या नियमांत त्याला ३६ तास दिले होते. मुदत कितीही खाली आणा, घड्याळ सुरू होतं ते आदेश पोचल्यावर. गावात जे घडायचं ते पहिल्या तासात घडतं.

राईनपाडा आठवा, धुळे जिल्हा, १ जुलै २०१८. आठवडी बाजाराचाच दिवस. मुलं पळवणारे समजून मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले. त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर मूल पळवल्याचा देखावा करणाऱ्या, कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूल परत आणून सोडतात, तो शेवटच कापलेला.

पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्ड पाच जागी मर्यादित केलं. २०२०मध्ये फार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि कंपनीच म्हणते की असे संदेश ७० टक्क्यांनी घटले. म्हणजे वेग कमी करता येतो! पाच माणसं मेल्यावर आला तो शहाणपणा मारहाणीच्या प्रत्येक व्हिडिओला पहिल्या तासात का लावत नाहीत? कारण धंदा वेगावर चालतो. माझी मागणी एवढीच आहे. तक्रार आली की निकाल लागेपर्यंत पुढे पाठवणं बंद. स्थगिती! आम्ही कोर्टात रोज मागतो.

आणि ॲडमिन मंडळी, घाबरू नका. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. पण बटण तुमच्या हातात आहे. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’, ग्रुपच्या सेटिंगमध्ये. अफवा आली की तासभर ते लावा, तेवढ्यात पोलीस पाटलाला फोन करा. ज्यांना ते बटण सापडत नाही त्यांनी भजनाआधी मला गाठा, मी पेटीवाल्याशेजारी बसलो आहे.