शेरखान नानाच हवा

(दृश्य : लोकलचा डबा. खिडकीशी बसलेला एकजण मोबाइलवर ट्रेलर बघतोय, कानात हेडफोन.)

२०१६ साली डिस्नेच्या 'द जंगल बुक'चा हिंदी ट्रेलर आला, तेव्हा मुंबईत तिशीच्या आसपासच्या माणसांनी आधी मोगलीकडे पाहिलंच नाही. त्यांचे कान वाघाकडे लागले होते. "नानाच आहे ना?" हा पहिला प्रश्न. जंगल कसं दिसतंय, मोगली झालेलं पोर कोणाचं, थ्रीडी आहे का, हे सगळं त्यानंतर.

आणि हो, नानाच होते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर शेरखानला आवाज देणारे नाना पाटेकर पुन्हा त्याच वाघासाठी माइकसमोर उभे राहिले होते. त्या एका बातमीवर कितीजणांनी तिकिटं काढली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण घरोघरी, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, चहाच्या टपरीवर बोलणं त्याचंच चाललं होतं.

(दृश्य : चाळीची गॅलरी. लाकडी कठडा, वाळत घातलेले कपडे.)

डिस्नेच्या लेखी हा नवा चित्रपट म्हणजे त्यांच्याच १९६७ सालच्या कार्टूनपटाचं नवं रूप. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले, तेव्हा तो कार्टूनपट अजून पूर्ण व्हायचा होता. पुढच्या ऑक्टोबरात तो प्रदर्शित झाला. अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्या त्यातली गाणी गुणगुणत मोठ्या झाल्या.

आपलं जुनं कार्टून मात्र ते नव्हतं. आपलं कार्टून जपानी होतं. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने केलेली, फुमिओ कुरोकावा यांनी दिग्दर्शित केलेली ५२ भागांची ती मालिका जपानमध्ये १९८९-९० या काळात दाखवली गेली. तिला हिंदी आवाज मिळाले, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांच्या संगीतातलं शीर्षकगीत मिळालं आणि ती रविवारी सकाळी आपल्या घरात आली. चड्डी घातलेल्या फुलाचं ते गाणं गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक पोराला पाठ होतं. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ती पोरं शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यावर बसायची. काकू पोह्यांची कढई खाली ठेवायच्या, तरी कुणी मान वळवायचं नाही.

मालिका संपली की खेळ सुरू व्हायचा. तिच्यातल्या मोगलीकडे बूमरँग होतं, त्यामुळे जुन्या पुठ्ठ्याची बूमरँग कापली जायची. ती कधी परत यायची नाहीत, खालच्या पत्र्यावर जाऊन पडायची. मोगली व्हायला सगळे तयार. शेरखान व्हायचं तर मात्र आवाज जमायला हवा. घशातून, दाताखाली शब्द दाबून, मधेच थांबून बोलता यायला हवं. ज्याला ते जमायचं तो त्या मजल्यावरचा वाघ.

मला वाटतं, चाहत्यांच्या साऱ्या प्रतिक्रियांचं मूळ इथे आहे. कार्टूनमधलं चित्र डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण आवाज पोरांनी स्वतःच्या तोंडून काढून बघितलेला असतो. त्यामुळे तो जास्त आपला होतो. जपानी चित्रकारांनी काढलेला वाघ आमच्यासाठी मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाच्या आवाजात बोलला, आणि मग तो वाघ जपानचा राहिला नाही.

(दृश्य : दादाभाई नवरोजी रस्ता. सर ज. जी. कला महाविद्यालयाचं फाटक, आतली झाडं.)

इथे थोडं आडवळणाने जाऊ, कारण हा पत्ता चुकवण्यासारखा नाही. मोगलीची गोष्ट लिहिणारा रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात जन्मला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग इथे शिल्पकला शिकवायचे. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांनी केलेली. छोटा रुडयार्ड आयाचं बोट धरून या भागात फिरायचा, आणि घरी आई-वडिलांशी इंग्रजीत बोलताना अडखळायचा, कारण त्याच्या डोक्यात आणि स्वप्नात इथली बोली असायची. हे त्याने स्वतःच आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला पाठवलं. पुढे त्याचे साम्राज्यवादी विचार आपल्याला कधीच पटणारे नव्हते, आणि ते पटू नयेतच. पण मोगली त्याचा आहे. १८९४ चं ते पुस्तक त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत बसून लिहिलं.

याच ज. जी.च्या परिवारातल्या उपयोजित कला संस्थेत, जवळजवळ शंभर वर्षांनंतर, नाना पाटेकर नावाचा विद्यार्थी शिकत होता. शेरखान ज्याने लिहिला तो आणि शेरखान जो बोलला तो, दोघांचा पत्ता एकच. मुंबईकर चाहत्याला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

(दृश्य : चित्रपटगृहाबाहेरची रांग. आजोबा, आई, थ्रीडी चष्मा आधीच लावलेली मुलगी.)

८ एप्रिल २०१६. अमेरिकेच्या एक आठवडा आधी चित्रपट भारतात लागला. परीक्षा संपत आलेल्या, उन्हाळा तापलेला. तोपर्यंत भारतात सर्वाधिक कमाई केलेला हॉलीवूडचा चित्रपट तो ठरला, आणि त्या कमाईतला मोठा वाटा हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवृत्त्यांचा होता.

हिंदी आवृत्तीत बल्लूचा आवाज इरफान खानचा, थोडा पंजाबी ढंगाचा. बघीरा ओम पुरी. रक्षा लांडगीण शेफाली शाह, आणि 'का' अजगरीण प्रियांका चोप्रा. इंग्रजीत बेन किंग्जले, बिल मरे, इद्रिस एल्बा अशी तगडी नावं होती. तरी मुंबईत अनेकांनी ठरवून हिंदी बघितला, एरवी इंग्रजी चित्रपट इंग्रजीतच बघणाऱ्यांनीसुद्धा.

पडद्यावर शेरखान पहिल्यांदा बोलला तेव्हा थिएटरात काय व्हायचं ते सांगते. लहान मुलं घाबरून मागे सरकायची आणि त्यांचे आई-बाप हसून पुढे झुकायचे. आईला वाघ ओळखीचा होता.

उलट, बल्लू मधेच गाणं म्हणू लागतो किंवा माकडांचा राजा गातो, त्या जागा १९६७ च्या कार्टूनची आठवण म्हणून ठेवलेल्या. तिथे आपली माणसं थोडी बुचकळ्यात पडायची. त्या गाण्यांवर ज्यांचं बालपण गेलं त्यांचे डोळे तिथे भरून आले असतील. आपले भरले ते प्रसिद्धीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित केलेल्या त्या फुलाच्या गाण्यावर. गुलजार आणि विशाल भारद्वाज दोघेही त्यासाठी पुन्हा एकत्र आले होते. जुन्या मालिकेचं ऋण असं उघडपणे मान्य केलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तक्रारी होत्याच. बूमरँग कुठे गेलं? हा मोगली दोर वळतो, अवजारं बनवतो, युक्त्या लढवतो, पण बूमरँग नाही. जुन्या मालिकेतला 'का' आमचा मित्र होता, किपलिंगच्या पुस्तकातही तो मोगलीचा मित्रच. इथे ती मोगलीला गिळायला बघते. ही तक्रार मला रास्त वाटते. अजगराला खलनायक केलं १९६७ च्या कार्टूनने, आणि नव्या चित्रपटाने ते तसंच उचललं. माकडांच्या राजाचं मात्र त्यांनी नीट केलं. जुन्या कार्टूनमधला ओरांगउटान भारतात सापडतच नाही, म्हणून त्याच्या जागी जायगँटोपिथेकस आणला. हा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय वानर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत वाढलेली मुलं अशा गोष्टींवर बारीक लक्ष ठेवतात. त्यांच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसतो. काळा बघीरा म्हणजे वेगळा प्राणी नाही, काळ्या रंगाचा बिबट्याच, हे ती मोठ्यांना समजावून सांगतात.

सगळ्यात जास्त आवाज उठला तो प्रमाणपत्रावरून. सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला 'यूए' दिलं, म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा. थ्रीडीतली दृश्यं मुलांना घाबरवतील, असं मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांचं म्हणणं होतं. मोगलीसाठी पालकांची देखरेख? लोक चिडले. पण मी थिएटरात पाच-सहा वर्षांच्या मुलांना खुर्चीखाली शिरताना पाहिलंय. शेरखान थ्रीडीत अंगावर येतो तेव्हा तो खरंच अंगावर येतो. आईचा हात शेजारी असावा, यात मला काही चूक दिसत नाही.

(दृश्य : निळ्या पडद्यापुढे उभा मुलगा, शेजारी बाहुलीसारखं अस्वल. मग तेच दृश्य पूर्ण जंगलासह.)

हे सगळं जंगल खोटं आहे, यावर अजून अनेकांचा विश्वास बसत नाही. दिग्दर्शक जॉन फॅव्रो यांनी चित्रपट लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत केला. हाडामांसाचा जवळजवळ एकटा नील सेठी, न्यूयॉर्कचा, भारतीय आई-वडिलांचा मुलगा. झाडं, पाऊस, प्राणी संगणकावर उभे केलेले, आणि त्यातलं कितीतरी काम बंगळुरूमधल्या कलाकारांच्या हातचं. २०१७ मध्ये दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं.

आज हा चित्रपट पुन्हा लावला की वेगळंच होतं. ओम पुरी जानेवारी २०१७ मध्ये गेले. इरफान एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, याच शहरात गेला, आणि त्याच्या अंत्यदर्शनाला चाहत्यांना जाता आलं नाही. बल्लू मधासाठी मोगलीला गोड बोलून कड्यावर चढवतो, त्या दृश्यात इरफानचा तो आळसावलेला, मिश्कील सूर ऐकताना माणसं आता संवाद ऐकत नाहीत, त्याला ऐकतात.

(दृश्य : डबिंग स्टुडिओ. काचेपलीकडे माइक, संहितेचं स्टँड.)

२०१८ च्या नोव्हेंबरात अँडी सर्किस यांचा 'मोगली' आला. त्याचा जागतिक प्रीमियर मुंबईतच झाला. त्यात हिंदी शेरखान जॅकी श्रॉफ, वाळकेश्वरच्या तीन बत्तीवर वाढलेला. पुन्हा मुंबईचाच वाघ. आवाज खर्जातला, छान. तो चित्रपट पुस्तकाजवळ जाणारा, काळोखा, लहानग्यांना जड जाणारा होता. चाहत्यांनी जॅकीदादाला मान दिला, पण तुलना व्हायची ती झालीच.

एक गोष्ट मात्र मला खरोखर लागते. २०१६ चा चित्रपट भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू या चार भाषांत आला. मराठीत नाही. चेन्नईच्या आजीने नातवाबरोबर शेरखान आपल्या भाषेत ऐकला, आणि लालबागच्या आजीला नातू मधेमधे समजावून सांगत होता. हिंदी आपल्याला कळतं, हे खरं. म्हणून तर आपल्याला कुणी विचारत नाही. पण हिंदी डबिंगचे स्टुडिओ अंधेरीत आहेत, त्यांत रोज मराठी नट येऊन दुसऱ्या भाषेत गुरगुरतात, आणि शेरखानला आवाज देणाऱ्या माणसाने मराठी रंगभूमीवर 'पुरुष' गाजवलंय. माणसं इथेच आहेत, काम येणारी आहेत. पुढचा मोगली येईल तेव्हा भाषांच्या यादीत मराठी असायला हवी, आणि ती मागायची तर चित्रपट लागल्यावर नाही, तो घोषित होईल त्या दिवसापासून मागायला हवी.