दोनशे तास आणि दीड हजार तास

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणी पायलट व्हायचं म्हणत असेल, तर दोन आकडे ध्यानात ठेवा: २०० आणि १५००. आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणावर कमर्शिअल लायसन्स मिळतं आणि त्यावर को-पायलट होता येतं. अमेरिकेत छोट्या, रीजनल कंपनीतही त्याच खुर्चीला साधारण १५०० तास लागतात.

हे १५०० आले कुठून, ऐका. १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र. अमेरिकेतल्या नेवार्कहून निघालेलं कोल्गन एअर या रीजनल कंपनीचं क्यू-४०० विमान बफेलोला उतरायच्या बेतात होतं. वेग घटत गेला, दोन्ही पायलटांच्या लक्षात आलं नाही. कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरू लागला. म्हणजे, नाक खाली घे, वेग वाढव! त्यानं दांडा उलट मागे ओढला. विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. चौकशीत रीजनल पायलटांचे तुटपुंजे पगारही चव्हाट्यावर आले. मृतांच्या नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. २०१० मध्ये कायदा झाला, २०१३ पासून १५०० तासांची सक्ती आली. आणि खरी मेख पुढेच आहे: त्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वर होते! कॅप्टनचे तर ३३०० हून जास्त. दुखणं एकीकडे, औषध दुसरीकडे.

त्यामुळे तिथली मुलं इन्स्ट्रक्टर होऊन तास भरतात. २०२२ पासून पगार भरघोस वाढले, पण ग्रीन कार्ड नसेल तर आपल्या मुलांना तिथे सहसा कुणी घेत नाही. युरोपातही कामाचा हक्क लागतो, वर लायसन्ससाठी १३ पेपर.

इथे अलायन्स एअर, इंडिगो, गोव्यातल्या मोपाची फ्लाय९१ या कंपन्या एटीआर-७२ ही पंख्याची विमानं उडवतात. (पंख्याच्या विमानाला नाक मुरडणाऱ्यांनो, त्याचे पंख खिडकीच्या वर असतात; सह्याद्री बघावा तो त्यातूनच!) मात्र एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारचं विमान उडवायची परवानगी, एअरबसला चालत नाही, तिथे नवं रेटिंग, नवा खर्च. नोकरी बदलताना को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची.

परदेशात शिकून आलात, तर आपल्या विमान वाहतूक नियामकाचे, डीजीसीएचे, पेपर देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं. आणि फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी. पुन्हा सांगतो, आधी मेडिकल, मग कर्ज.