पाऊस कोणत्या महिन्यात?

श्रोतेहो, नमस्कार.

आधी माझी फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी मी एका नर्सरीतून लॅव्हेंडरची पाच रोपं आणली. "पाणी कमी लागतं, मधमाश्या खूप येतात," असं विकणाऱ्यानं सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. इंदूरच्या मे महिन्यातही रोपं तगली. मेली ती श्रावणात! उपटून पाहिलं, तर मुळं काळी पडून लिबलिबीत झालेली.

लॅव्हेंडरचं माहेर भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ टेकड्यांवर. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे नेमकं उलट. जून ते सप्टेंबरमध्येच जवळपास सगळा पाऊस, आणि तोही माळव्याच्या काळ्या मातीत. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि भिजली की फुगून पाणी धरून बसते. "पग पग नीर" म्हणून माळव्याचं कौतुक होतं खरं, पण खडकात वाढलेल्या मुळांना ते नीर सोसत नाही.

म्हणून नर्सरीत "पाणी किती लागतं?" एवढ्यावर थांबू नका. या झाडाच्या गावी पाऊस कोणत्या महिन्यात पडतो, तेही बघा. झेंडू घ्या. दसऱ्याच्या तोरणात इतका मुरलाय की आपलाच वाटतो, पण तो मूळचा मेक्सिकोचा. झिनिया आणि कॉसमॉससुद्धा तिकडचेच. तिथला पाऊसही उन्हाळ्यातच येतो, म्हणून इथे त्यांना परकं वाटत नाही. फक्त पाणी तुंबू देऊ नका. आणि झेंडू एकेरी पाकळ्यांचा लावा. भरगच्च गोंड्यात मधमाशीला वाट सापडत नाही.

कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी उत्तम. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, हा वरचा फायदा.

पण माझा जीव तरवडात. माळरानावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप. साल कातडी कमवायला वापरतात. त्याच्या फुलात मध नसतो, नुसते पराग, आणि तेही बंद नळीत. नळीच्या टोकाला बारीक भोक. आपल्या मधमाशीला ते काढता येत नाहीत. काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो. मीठदाणी हलवावी तसे पराग बाहेर पडतात. जवळ उभं राहून ऐका, उडतानापेक्षा त्याचा सूर तेव्हा चढतो.

तरवडाचं बी कडक असतं. सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवा आणि पहिल्या पावसानंतर थेट जमिनीत, उंचवट्यावर पेरा.

लॅव्हेंडरचा हट्टच असेल, तर कुंडीत निम्मी भरड वाळू घाला आणि पावसाळाभर कुंडी पत्र्याखाली ठेवा. लॅव्हेंडरच्याच मुलखातली माझी रोजमेरी तशीच जगली आहे.