नाव न लावणारा प्रोड्यूसर

नमस्कार मंडळी. सिनेमा सुरू झाला की पहिल्यांदा प्रोड्यूसरचं नाव झळकतं, हो ना? आज ज्याच्याबद्दल बोलायचंय त्या आयर्विंग थॅलबर्गने मात्र हॉलिवूडच्या एमजीएमसारख्या स्टुडिओचं सगळं प्रोडक्शन सांभाळलं आणि जिवंत होता तोवर तिथल्या सिनेमांवर स्वतःचं नाव येऊ दिलं नाही.

१८९९ साली ब्रुकलिनमध्ये जन्म, हृदय जन्मापासूनच कमजोर. शाळेच्या वयात संधिवाताच्या तापाने अंथरुण धरलं तेव्हा पडल्या पडल्या पुस्तकांचा नुसता फडशा पाडला, आणि डॉक्टर तर म्हणत होते की हा पोरगा तिशी काही बघणार नाही. तो युनिव्हर्सल स्टुडिओत तिथले मालक कार्ल लेम्ली यांचा सेक्रेटरी म्हणून लागला आणि विशीत कॅलिफोर्नियाचा अख्खा स्टुडिओ त्याच्या हातात! १९२२ मध्ये खर्च आवरत नाही म्हणून एरिक फॉन स्ट्रोहाइमसारख्या बड्या डायरेक्टरला त्याने चालू शूटिंगमधून काढलं. पुढे एमजीएममध्ये त्याच स्ट्रोहाइमच्या 'ग्रीड' सिनेमाला कात्री लावली, ते मला आजही पटत नाही, कापलेली रिळं परत मिळालीच नाहीत हो.

पण माणसाचे कान कायम प्रेक्षकांकडे. सिनेमा तयार झाला की थिएटरात प्रीव्ह्यू लावायचा, लोक कुठे कंटाळतात ते बघायचं आणि सरळ सेट पुन्हा उभा करून सीन नव्याने घ्यायचे, पैसे गेले तरी चालतील. मार्क्स ब्रदर्स या विनोदी नट भावांच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'च्या वेळी तर कमालच केली, कॅमेरा लावायच्या आधी त्यातले विनोदी सीन गावोगावच्या स्टेजवर करायला लावले, कोणत्या वाक्याला लोक किती वेळ हसतात ते मोजलं, कारण हशा संपायच्या आत पुढचं वाक्य आलं तर ते ऐकूच येणार नाही ना! हेच मार्क्स ब्रदर्स एकदा त्याची वाट बघून इतके वैतागले की त्याच्याच ऑफिसातल्या शेकोटीत बटाटे भाजत बसले, असा किस्सा सांगतात.

१९३२ च्या नाताळात हार्ट अटॅक आला, तरी बरा होऊन परत कामाला. सप्टेंबर १९३६ मध्ये न्यूमोनियाने गेला, वय फक्त ३७, पाठीमागे नटी असलेली बायको नॉर्मा शिअरर आणि दोन लहान मुलं. त्याचा 'द गुड अर्थ' हा सिनेमा तेव्हा पूर्ण व्हायचा होता. पुढच्या वर्षी तो लागला तेव्हा सुरुवातीला एक पाटी आली, हा चित्रपट आयर्विंग ग्रँट थॅलबर्ग यांच्या स्मृतीला अर्पण.