पाण्याच्या काठाला काय लावावं?

नमस्कार श्रोतेहो.

परसदारी छोटंसं तळं करायचं ठरलं, की मंडळी आधी कमळाचा कंद शोधायला निघतात. माझं सांगणं असं, की कमळ पुढच्या वर्षी आणा. आधी काठ लावून घ्या. काठाची झाडं म्हणजे पाय चिखलात, डोकं उन्हात आणि बुडाशी दोन-चार बोटं पाणी.

आपल्याकडे काटक झाड कोणतं, हे मे महिना ठरवतो. उघड्या टाक्यातलं पाणी तेव्हा आठवड्याला दोन इंच सहज उतरतं. चार दिवस गावाला गेलात, तर काठावरच्या कुंड्या कोरड्या पडतात. आणि जुलैत तेच टाकं भरून वाहायला लागतं. हे दोन्ही ज्याला सोसतं, तेच झाड निवडायचं.

अशी झाडं आपल्या घरी होतीच की! मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि कर्दळ आठवते ना? कर्दळीला ऊन भरपूर द्या. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापला, की शेजारून नवा कोंब येतो. सोनटक्क्यालाही ओल प्रिय, मात्र त्याचा गड्डा पाण्यात बुडवू नका, काठाच्या ओल्या मातीत ठेवा. अळू अर्ध्या सावलीतही खूश असतं. फक्त शोभेचं म्हणून आणलेलं अळू वड्यांना घेऊ नका, घसा खाजेल.

माझं सगळ्यात लाडकं झाड मात्र वेखंड. तलवारीच्या पात्यासारखी उभी, हिरवीगार पानं. एक पान चुरगळून नाकाशी धरा, न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास येतो. वेखंडाच्या पुढ्यात जलब्राह्मी सोडा. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. आपल्याला हवी ती जाडसर, इवल्या पानांची आणि पांढुरक्या-जांभळट फुलांची. ती पेरापेराला मुळं धरत सरकते आणि महिन्या-दोन महिन्यांत कुंडीची कडा झाकून टाकते.

कुंडी पसरट घ्या, माती शेतातली, चिकट. पहिल्या वर्षी मी हौसेनं कुंडीत शेणखत आणि कोकोपीट भरलं होतं. कोकोपीट तरंगून वर आलं, पाणी काळं पडलं, वास सुटला आणि सगळं उपसावं लागलं. तेव्हापासून नुसती माती घालते आणि वर बोटभर खडी. खडीमुळे मासे माती उकरत नाहीत.

पाणकणसाचा मोह आवरा. त्याची मुळं जमिनीखालून पळतात आणि लहान तळं गिळून टाकतात. आणि जलपर्णी? तिची जांभळी फुलं कितीही गोड दिसोत, घरी आणू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीनं पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेचं काय केलंय, ते पुलावरून जाताना आपण बघतोच.

आता एक कोपरा लव्हाळ्याला द्याच. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खातात आणि मोठी झाली की उभ्या देठावरून वर चढतात. पावसाळ्यात एखाद्या सकाळी लवकर उठून देठ न्याहाळा. पाठीवर चिरलेली, कागदासारखी पातळ, रिकामी कात तिथे चिकटलेली दिसेल. आणि जरा वर, पंख वाळवत बसलेला चतुर.