सायकलच्या ट्यूबवर रेकॉर्ड प्लेयर: नेमकी किती हवा भरायची?

(टेबलावर रेकॉर्ड प्लेयर. मोटर बंद, सुई थांबलेल्या तबकडीवर टेकलेली.)

तबकडी फिरत नाहीये, फक्त सुई टेकवलीये. आवाज बेताचाच ठेवलाय. आता टेबलाच्या कडेवर बोटाने टिचकी मारतो. (ठप्प!) ऐकलंत? टेबलाचा धक्का सुईपर्यंत पोचला. रेकॉर्ड वाजत असताना स्पीकरचा बासही याच वाटेने सुईत परत शिरतो आणि खर्ज गढूळ होतो.

यावर उपाय म्हणून प्लेयरखाली रबराचे तुकडे, फोम, बबल रॅप असं हाताला येईल ते सरकवलं जातं. पण हाताला मऊ लागलं म्हणजे काम झालं असं नाही. वजन ठेवल्यावर ते किती मिलिमीटर दबतं, यावर सगळं आहे. ढोबळ हिशोब असा: 15.8 ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा. 1 मिमी दबलं तर वरच्या वजनाचा हेलकावा सुमारे 16 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 16 वेळा; 4 मिमीला 8, 16 मिमीला 4. या आकड्याच्या साधारण 1.4 पटीच्या वरची कंपनं अडतात, आणि नेमकी त्या आकड्यावरची उलट वाढतात.

आता खरी गोम. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) यांचा स्वतःचा हेलकावा बहुतेक 8 ते 12 हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे 3-4 मिमी दबणारं रबर ठेवलंत, तर दोन्ही हेलकावे एकमेकांना साथ देतात. वूफरचा, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा भसाभस आत-बाहेर होताना दिसेल. त्यापेक्षा काही न ठेवलेलं बरं! आपल्याला हवेत 3 ते 5 हर्ट्झ, आणि ते स्वस्तात देते हवा.

साहित्य: लहान मुलांच्या 12 इंची सायकलची ट्यूब, 18 मिमी प्लायवूडची 45 बाय 35 सेंटिमीटरची फळी आणि त्याच मापाची 3 सेंटिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी. लादी साधारण साडेबारा किलो भरते. हे वजन लागतंच, हलक्या फळीवर प्लेयर नुसता डुगडुगतो.

ट्यूब टेबलावर आडवी ठेवा, व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वळवा म्हणजे पंप लावता येईल. वर फळी, लादी, प्लेयर. सगळं वजन ठेवल्यावरच हवा भरा, तीही हातपंपाने, एकेक दाब देत. फळी टेबलापासून सगळीकडून सुटली की दोन-तीन दाब आणखी, आणि थांबा. (कॅमेरा जवळ: ट्यूब चपटी, कडेने फुगीर.) ट्यूब अशी चपटी दिसली पाहिजे. टणक गोल झाली तर हवा जास्त आहे, आणि तिचा काही उपयोग उरला नाही.

आता तपासणी. मोबाइलवर सेकंदाला 120 फ्रेमचं स्लो मोशन लावा, लादीचा कोपरा हलकेच दाबून सोडा. एक पूर्ण हेलकावा 30 फ्रेममध्ये झाला तर 4 हर्ट्झ. 15 फ्रेममध्येच झाला तर 8, हवा काढा. ट्यूब आणि रबर सूत्रापेक्षा थोडे ताठ वागतात, म्हणून व्हिडिओवर विश्वास ठेवा.

फळी एका बाजूला कलते, ही नेहमीची तक्रार. ट्यूबमध्ये हवेचा दाब सगळीकडे सारखाच, त्यामुळे जड बाजू खाली जाणारच. तबकडीवर पाणसळ ठेवा आणि प्लेयर लादीवर सेंटिमीटरभर इकडेतिकडे सरकवत मध्य शोधा.

दुसरी चूक केबलची. ताणलेली, जाड केबल धक्का थेट वर नेते, म्हणजे ट्यूब असून नसल्यासारखी. केबलला सैल वळण द्या. लादी भिंतीला टेकता कामा नये.

ज्या प्लेयरच्या आत आधीच स्प्रिंग आहेत, त्याखाली ट्यूब अजिबात नको. दोन स्प्रिंगा एकमेकींना झुलवत बसतात. तो भिंतीवरच्या घट्ट फळीवर ठेवा. आणि हवेतून येणारा बास ट्यूब अडवू शकत नाही. प्लेयर खोलीच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या अगदी शेजारी ठेवला असेल तर आधी तिथून हलवा.



ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होते. दर दोन-तीन आठवड्यांनी फळीखालून पोस्टकार्ड सरकवून बघा. कुठे अडलं, तर पंपाचे दोन दाब द्या आणि पाणसळ पुन्हा ठेवा.